लढाईने अर्धवट सोडायला लावलेली उमेदवारी: ब्रिटिश कारागिराचा माग काढायला बसणाऱ्या नवख्यांसाठी

सगळ्यात आधी उमेदवारीचा, म्हणजे मालकाच्या हाताखाली धंदा शिकण्याचा (अ‍ॅप्रेंटिसशिपचा), करारनामा उलटा करा आणि मागची बाजू वाचा.

नवखा माणूस पुढच्या बाजूतच अडकतो. तिथे वळणदार अक्षरं असतात, महसुली शिक्का असतो, मालकाची गुपितं राखीन, गुत्त्यात जाणार नाही, फासे खेळणार नाही अशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली भाषा असते. वाचायला मौज वाटते, पण हा मजकूर छापील असे आणि शेजारच्या पोराच्या कागदावरही तोच असे. मागच्या बाजूला मात्र कधी कधी हाताने लिहिलेल्या दोन ओळी सापडतात: अमुक तारखेला सैन्यात गेला, अमुक तारखेला पुन्हा कामावर रुजू, मुदत समाधानकारक पूर्ण. खाली मालकाची सही. या दोन तारखांच्या मधला काळ हाच आपल्या शोधाचा विषय.

हा लेख अशांसाठी आहे, ज्यांच्या हाती नात्यातून, जुन्या बाजारातून किंवा एखाद्या हत्यारपेटीच्या तळातून पहिल्या महायुद्धाच्या आसपासचा ब्रिटिश उमेदवारीचा कागद आला आहे. किंवा कागद नाही, पण ‘ते फिटर व्हायचे होते, तेवढ्यात लढाई आली’ एवढं एक वाक्य घरात शिल्लक आहे. मी स्वतः पहिल्यांदा शोध घेतला तेव्हा थेट लष्करी कागदांकडे धावलो आणि दोन महिने वाया घालवले. ते का, हे पुढे येईलच. पण तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी धंद्याचे कागद, मग पलटणीचे.

पहिली पायरी: कागदातून चार गोष्टी काढा

मुलाची जन्मतारीख किंवा वय, उमेदवारी सुरू झाल्याची तारीख, मुदत आणि नेमका धंदा. ‘इंजिनिअर’ एवढ्यावर समाधान मानू नका. त्या काळच्या कारखान्यात फिटर, टर्नर, साचे बनवणारा पॅटर्नमेकर, ओतारी आणि बॉयलर बनवणारा ही वेगवेगळी माणसं होती. त्यांच्या संघटनाही अनेकदा वेगळ्या होत्या.

मुदत साधारण पाच ते सात वर्षांची, सुरुवात चौदा ते सोळाव्या वर्षी आणि शेवट बहुधा एकविसाव्या वाढदिवसाला. एकविसावंच का? कारण ब्रिटिश कायद्यात सज्ञान होण्याचं वय तेव्हा २१ होतं. ते १८ वर आलं १९७० साली. म्हणूनच करारावर मुलाबरोबर बापाची किंवा पालकाची सही असते. बापाच्या जागी आईची सही दिसली तर बाप वारलेला असण्याची शक्यता लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडते.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. वर्षागणिक वेतनाचा तक्ता. पहिल्या वर्षी आठवड्याला इतके शिलिंग, दुसऱ्या वर्षी इतके. हा तक्ता उतरवून घ्या. परत आलेल्या माणसाची खरी अडचण याच आकड्यांत दडलेली आहे.

लेखी करारनामा नसेल तर निराश होऊ नका. कित्येक धंद्यांत उमेदवारी नुसत्या तोंडी बोलीवर चाले. मालकाने हो म्हटलं की पोरगा सोमवारी कामाला. अशा वेळी १९११ची जनगणना हाच तुमचा पहिला कागद. ती २ एप्रिल १९११ची आहे आणि तिच्यात व्यवसायाबरोबर उद्योगाचा रकानाही आहे. मुलगा तेव्हा शाळेत असेल तर बापाचा धंदा बघा. पोरगं त्याच कारखान्यात चिकटण्याची शक्यता बरीच.

दुसरी पायरी: वयाचा हिशेब मांडा

एक उदाहरण घेऊ. समजा, मुलगा मार्च १८९८चा. मार्च १९१४ मध्ये सोळाव्या वर्षी पाच वर्षांसाठी बांधला गेला. मुदत संपणार मार्च १९१९ ला. आता या रेषेवर युद्धाच्या तारखा ठेवा.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा भरती ऐच्छिक होती. सैन्यात जायला वय १८ लागे, परदेशी आघाडीवर जायला १९. आपला मुलगा तेव्हा सोळाचा. तरी तो गेलाच नसेल असं समजू नका, वय फुगवून सांगणारे पुष्कळ होते. पण उमेदवाराच्या बाबतीत एक वेगळी गाठ होती. लष्करी कायद्यात, काही अटींवर, मालकाला आपला पळालेला उमेदवार परत मागण्याचा हक्क होता. म्हणूनच नियमित सैन्यभरतीच्या जुन्या अर्जात एक प्रश्न असे: तू उमेदवार आहेस का, कोणाकडे, किती मुदतीचा, आणि ती संपते कधी? युद्धकाळाच्या आटोपशीर अर्जात मात्र बहुधा नुसता ‘व्यवसाय’ विचारलेला दिसतो. तेव्हा अर्जात उमेदवारीचा उल्लेख नाही, म्हणजे तो उमेदवार नव्हता, असा निष्कर्ष काढू नका.

जानेवारी १९१६ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा झाला आणि २ मार्चपासून तो लागू झाला. १८ ते ४१ वयाचे अविवाहित पुरुष आपोआप सैन्यात गेल्याचं मानलं जाऊ लागलं. मे महिन्यातल्या दुसऱ्या कायद्याने विवाहितही आले, आणि नव्याने अठरा पूर्ण करणारेही. आपल्या उदाहरणातला मुलगा नेमका त्याच मार्चमध्ये अठराचा झाला. म्हणजे दोन वर्षं काम शिकून झालं, तीन उरली, आणि बोलावणं दारात.

हा हिशेब कागदावर एका आडव्या रेषेत मांडाच. डोक्यात ठेवला की गोंधळ होतो.

तिसरी पायरी: तो गेला होता का, हे तपासा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. लढाई झाली, मुलगा वयात होता, म्हणजे गेला असणारच, असं धरून चालतात. कारागिरांच्या बाबतीत हे गृहीत धरणं धोक्याचं आहे. तोफगोळे, जहाजं आणि इंजिनं बनवायला हात लागत होते, आणि शिकत असलेले हातही कामाचेच होते.

१९१६च्या कायद्यात सूट मागण्याची जी कारणं दिली होती, त्यांतलं पहिलंच आपल्या कामाचं आहे. माणूस एखाद्या कामाचं शिक्षण घेत असेल आणि ते त्याने चालू ठेवणं राष्ट्रहिताचं असेल, तर त्या कारणावर सूट मागता येई. अर्ज स्थानिक न्यायाधिकरणापुढे, म्हणजे ट्रायब्युनलपुढे, जाई आणि मालकालाही तो करता येई. सूट कायमची, अटींची किंवा ठरावीक काळापुरती मिळे. काही महिन्यांची सूट, मग पुन्हा सुनावणी, पुन्हा थोडी मुदत, आणि शेवटी नकार, असा प्रवास बऱ्याच तरुणांचा झाला. आपला मुलगा मार्च १९१६ ऐवजी १९१७च्या शरद ऋतूत गेलेला निघाला, तर मधलं दीड वर्ष त्याने कामावरच काढलं, म्हणजे त्याची उमेदवारीही तेवढी पुढे सरकली.

या न्यायाधिकरणांची बहुतेक कागदपत्रं १९२१ मध्ये सरकारी आदेशानेच नष्ट केली गेली. नमुना म्हणून मुद्दाम राखलेले दोन मोठे संच आहेत. मिडलसेक्सच्या अपील न्यायाधिकरणाचा संच लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये एमएच ४७ या क्रमांकाखाली आहे. त्यात आठ हजारांहून जास्त प्रकरणं आहेत आणि ती ऑनलाइन बघता येतात. दुसरा संच लोदियन आणि पीबल्सचा, तो एडिनबरोला नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडमध्ये. तुमचा माणूस या दोन भागांतला नसेल, आणि बहुधा नसेलच, तर स्थानिक वर्तमानपत्रं उघडा. सुनावण्यांच्या बातम्या तपशिलात छापून येत. नाव न देता ‘लोखंड ओतणारा उमेदवार, वय १८’ एवढंच लिहिण्याची पद्धतही होती, म्हणून नावाने शोधून काही हाती लागलं नाही तर धंदा, वय आणि गाव यांनी शोधा.

हत्यारपेटीत ‘ऑन वॉर सर्व्हिस’ असं कोरलेला छोटा बिल्ला सापडला तर तो पदक समजून बाजूला ठेवू नका. युद्धसामग्रीच्या कामावर असलेल्यांना तो मिळे. अंगावर गणवेश नसलेल्या तरुणाला रस्त्यात कोणी भ्याड म्हणू नये, हाही त्याचा एक उपयोग. बिल्ला असेल तर तुमचा माणूस त्या काळात कारखान्यात होता.

नोव्हेंबर १९१६ मध्ये शेफील्डच्या एका फिटरला सूट असताना सैन्यात ओढल्यावरून मोठा संप झाला. त्यानंतर इंजिनिअरिंगच्या संघटनांना आपल्या कुशल सभासदांना सूट देणारी ‘ट्रेड कार्ड्स’ वाटण्याचा अधिकार मिळाला. तो काही महिन्यांतच काढून घेतला गेला आणि मे १९१७ मध्ये पुन्हा संप उसळले. तुमच्या रेषेवर १९१७चा उन्हाळा ठळक करा. आजवर सुरक्षित असलेले अनेक हात त्यानंतर पलटणीत दिसू लागतात.

चौथी पायरी: आता लष्करी कागद

माझे दोन महिने कुठे गेले, ते इथे सांगतो. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात युद्ध खात्याच्या कोठाराला आग लागली आणि पहिल्या महायुद्धातल्या साध्या सैनिकांच्या सुमारे ६० टक्के नोंदी जळाल्या. मी शोधत होतो तो माणूस त्या ६० टक्क्यांत होता. हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी नावाची स्पेलिंगं बदलत बसलो.

जे वाचलं ते क्यूच्या डब्ल्यूओ (वॉर ऑफिस, म्हणजे युद्ध खातं) ३६३ या संचात आहे. कडा करपलेल्या, पाण्याने डागाळलेल्या या कागदांना ‘जळके दस्तऐवज’ असंच म्हणतात. डब्ल्यूओ ३६४ मध्ये निवृत्तिवेतन मिळालेल्या सैनिकांचे कागद आहेत, त्यांना आग लागली नव्हती. दोन्ही संच वंशावळीच्या पैसे भरून वापरायच्या संकेतस्थळांवर आहेत. क्यूच्या वाचनकक्षात ते फुकट बघता येतात. फाइल नाहीच मिळाली तर डब्ल्यूओ ३७२ मधलं पदकाचं कार्ड बघा. त्यावर उमेदवारीचा शब्द नसतो, पण पलटण आणि क्रमांक कळतो.

फाइल मिळालीच तर लढायांची नावं शोधत बसण्याआधी पुढच्या गोष्टी पाहा.

धंद्याची परीक्षा. रॉयल इंजिनिअर्समध्ये कारागिराची चाचणी घेऊन त्याला श्रेणी देत: ‘प्रोफिशंट’, ‘स्किल्ड’, ‘सुपीरियर’. श्रेणीवर वेतन ठरे. अर्धवट शिकलेल्या पोराला इथे कोणती श्रेणी मिळाली, यावरून कारखान्यातल्या त्या दोन वर्षांत त्याच्या हाताला किती वळण लागलं होतं याचा अंदाज येतो. हवाई दलाच्या बाबतीत तर चैनच आहे: १ एप्रिल १९१८ला रॉयल एअर फोर्स स्थापन झालं तेव्हाची हजेरीयादी उपलब्ध आहे आणि तिच्यात प्रत्येकाच्या नावापुढे धंदा लिहिलेला आहे.

‘क्लास डब्ल्यू’ हा शिक्का. बाहेरच्या कामावर जास्त उपयोगी पडेल अशा सैनिकाला १९१६पासून या राखीव वर्गात टाकून कारखान्यात परत पाठवत. तो कागदोपत्री सैनिक राही, पण लष्करी पगार नाही आणि गणवेश नाही. उमेदवाराच्या फाइलीत हा शिक्का दिसला तर सैन्यातली सगळी वर्षं वजा करण्याची चूक करू नका; त्यातले काही महिने तो पुन्हा यंत्रावर उभा असेल. ‘क्लास झेड’ निराळा. तो युद्ध संपल्यावर घरी पाठवलेल्यांचा वर्ग, गरज पडली तर परत बोलावण्यासाठी ठेवलेला.

आणि झेड १८ क्रमांकाचा फॉर्म. हा माझा लाडका कागद. युद्धकाळात सैनिकाने कोणतं काम केलं याचा हा दाखला, बाहेर नोकरी मिळवताना दाखवण्यासाठी दिलेला. भरतीपूर्वीचा धंदा, पलटणीतलं काम, घेतलेलं प्रशिक्षण, अधिकाऱ्याचा शेरा, सगळं एका पानावर. तो सैनिकाच्या हातात दिला जाई, म्हणून तो अभिलेखागारापेक्षा घरातल्या बिस्किटाच्या डब्यात सापडण्याचा संभव अधिक. नातेवाइकांना विचारताना ‘लष्कराचे कागद आहेत का’ असं मोघम विचारू नका. ‘नोकरीचा दाखला, ज्यावर अधिकाऱ्याची सही आहे’ असं विचारा.

पाचवी पायरी: परतल्यावरची वर्षं

उदाहरणातला मुलगा आता फेब्रुवारी १९१९ मध्ये घरी आलाय असं धरू. वय एकवीस व्हायला एक महिना. सैन्यात उणीपुरी तीन वर्षं काढलेली. करारनाम्याप्रमाणे उमेदवारी पुढच्या महिन्यात संपते, पण शिकून झालंय दोनच वर्षं. मालक त्याला पूर्ण कारागीर मानायला तयार नाही, संघटना तर नाहीच नाही. उरलेली तीन वर्षं तक्त्याप्रमाणे पोराच्या वेतनावर काढायची तर खायचं काय? त्यात लग्न झालेलं असेल तर विचारूच नका. शेजारच्या यंत्रावरचा, युद्धात फक्त एक क्रिया शिकून घेतलेला गडी याच्याहून जास्त पैसे घरी नेत होता. पहिल्या पायरीत वेतनाचा तक्ता उतरवायला सांगितला तो यासाठी.

यावर मजूर मंत्रालयाने योजना आणली, ‘इंटरप्टेड अ‍ॅप्रेंटिसशिप्स स्कीम’, म्हणजे खंडित उमेदवारीची योजना. सूचीत शोधताना याच नावाने शोधा. गाभा असा: सैन्यात गेलेल्या काळाचा काही भाग माफ करून उरलेली मुदत आखूड करायची, आणि त्या मुदतीत उमेदवाराला पोराच्या तक्त्याहून जास्त वेतन द्यायचं, ज्याचा काही भार सरकार उचलेल. किती काळ माफ आणि वेतन किती, हे धंद्याधंद्यात मालक आणि संघटना यांच्या वाटाघाटींतून ठरलं. म्हणून छपाईच्या धंद्यातला नियम बॉयलर बनवणाऱ्याला लावू नका. माझ्या मते ही योजना उदारतेपेक्षा व्यवहारातून आली. अर्धशिक्षित, शस्त्र चालवायला शिकलेले आणि चिडलेले तरुण रिकामे फिरत ठेवणं कोणत्याच सरकारला परवडलं नसतं. जानेवारी १९१९ मध्ये घरी सोडायला उशीर होतोय म्हणून छावण्यांत सैनिकांनी उठाव केले होते, ते ताजं होतं.

पुरावा कुठे? करारनाम्याच्या मागची नोंद, त्याला टाचलेला पुरवणी करार, आणि १९२१ची जनगणना. ही जनगणना १९ जूनची आहे, २०२२ मध्ये खुली झाली आणि तिच्यात व्यवसायाबरोबर मालकाचं नाव आणि कामाचं ठिकाणही आहे. तेवीस वर्षांचा माणूस तिथे ‘उमेदवार फिटर’ म्हणून दिसला तर ती लेखनिकाची चूक नाही. तोच तुमचा खंडित उमेदवार. त्याच्या नावापुढे ‘बेकार’ असं दिसलं तर त्याचाही अर्थ लावा. १९२०च्या अखेरीस मंदी सुरू झाली होती. कित्येकांनी मोठ्या कष्टाने उमेदवारी पुरी केली आणि दाखला हाती येताच कामावरून कमी झाले. १९२२ मध्ये तर इंजिनिअरिंगमध्ये मोठी टाळेबंदी झाली.

यापुढचे धागे म्हणजे संघटनांची सभासद नोंद आणि कारखान्याची दप्तरं. १९२० मध्ये अनेक संघटना एकत्र येऊन इंजिनिअरांची एकत्रित संघटना झाली, तिची बरीच कागदपत्रं वॉरिक विद्यापीठाच्या मॉडर्न रेकॉर्ड्स सेंटरमध्ये आहेत. सभासद म्हणून पूर्ण कारागीर या वर्गात प्रवेशाची तारीख मिळाली, तर उमेदवारी खरोखर कधी संपली ते कळतं. रेल्वे कंपन्यांची नोकरनोंद क्यूला आरएआयएल या मालिकेत आहे. जहाजबांधणीसाठी ग्लासगो विद्यापीठाचं अभिलेखागार आणि न्यूकॅसलचं टाइन अँड वेअर आर्काइव्ह्ज. एक सावधगिरी: अठराव्या शतकातली उमेदवारीच्या कराची वहीमालिका ऑनलाइन मोठ्या ठळकपणे दिसते, पण ती १८११ला थांबते. विसाव्या शतकासाठी अशी देशभराची एकच वही नाही.

जे परतले नाहीत, किंवा हात गमावून परतले

मागची बाजू कोरी असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी बघा. कारखान्याच्या भिंतीवरचा स्मृतिफलकही बघा. गावच्या फलकावर नसलेलं नाव तिथे सापडतं. जखमी होऊन सुटलेल्यांना १९१६पासून चांदीचा बिल्ला मिळे, त्याची नोंद डब्ल्यूओ ३२९ मध्ये आहे. अशा माणसाचा धंदा १९२१ मध्ये अचानक बदललेला दिसतो: ओताऱ्याचा कारकून झालेला असतो. मूळ मालकाकडे शोधत बसू नका.

कागद दुसऱ्या महायुद्धातला निघाला तर

दारं वेगळी. २९ सप्टेंबर १९३९ची राष्ट्रीय नोंदवही हाच पाया, कारण इंग्लंड आणि वेल्सची १९३१ची जनगणना १९४२च्या आगीत गेली आणि १९४१ मध्ये ती झालीच नाही. या वेळी कोणत्या धंद्यातल्या कोणत्या वयाच्या माणसाला राखून ठेवायचं याची यादी आधीच तयार होती, म्हणून उमेदवार कामावरच राहिल्याचं जास्त वेळा आढळतं. मात्र डिसेंबर १९४३पासून चिठ्ठ्या टाकून काही तरुणांना सैन्याऐवजी कोळशाच्या खाणीत पाठवू लागले. त्याविरुद्ध १९४४च्या वसंतात टाइनसाइडच्या उमेदवारांनी संप केला. तेव्हा लष्करात नाव नाही आणि कारखान्यातही नाही, तर खाणीकडे बघा.

१९४९ नंतरच्या शांततेतल्या सक्तीच्या सेवेत नियम बदलला होता: उमेदवाराला मुदत संपेपर्यंत सेवा पुढे ढकलता येई. त्यामुळे त्या काळच्या कागदात दोन वर्षांची पोकळी मध्ये शोधू नका. करार एकविसाव्या वर्षी नीट पुरा झालेला दिसेल, आणि माणूस त्यानंतर गायब होईल.